तीन बोटांची मूठ

त्या मंडळात मी पहिल्यांदा गेलो तो शिकायला नव्हे, चोरायला. आता वय झालं, लपवून काही मिळायचं नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी कातारी. हल्ली हा शब्द समजावून सांगावा लागतो. सुतार लाकूड कापतो, रंधतो, जोडतो. कातारी लाकूड फिरवतो. दोन टोकांच्या मध्ये लाकडाचा तुकडा पकडायचा, तो गरगर फिरवायचा आणि फिरत असतानाच त्याला पटाशीची धार लावायची. नको असलेलं लाकूड सालपटं होऊन उडून जातं आणि आतून लाटणं निघतं, भोवरा निघतो, पाळण्याचा खांब निघतो. फिरवायच्या यंत्राला लेथ म्हणतात. माढ्याकडच्या आमच्या गावी माझे वडील हेच काम करत, पण तिथं एका माणसानं पट्टा ओढायचा आणि दुसऱ्यानं कातायचं असा प्रकार होता. मी सोलापुरात भवानी पेठेत दुकान टाकलं आणि विजेची मोटार बसवली, तेव्हा वडील बघायला आले. घटकाभर मोटारीकडं बघत बसले आणि म्हणाले, "बरं हाय. पण ही तंबाखू न्हाय मागत, आन गप्पाबी न्हाय मारत."

सत्तरच्या दशकात भवानी पेठेतला कातारी मागावर जगायचा. घरोघर हातमाग होते. मागावर आडवं सूत टाकणारा धोटा असतो, होडीच्या आकाराचा, आणि त्याच्या पोटात सूत गुंडाळलेली लाकडी नळी बसवतात. ती कांडी. घरातल्या बाया दिवसभर कांड्या भरायच्या, पुरुष विणायचे. कांडी गुळगुळीत हवी. तिला केसाएवढी चीर पडली तरी सूत अडकतं आणि तुटतं. आता सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेत इथं माणूस तडकतो, तिथं लाकडाचं काय! पण माझ्या कांड्या तडकत नसत. 'शंकररावाची कांडी' असं नाव झालं होतं. त्यामागं वडिलांनी दिलेली एक युक्ती होती. "सख्ख्या भावालाबी सांगू नगंस," असं बजावून त्यांनी ती मला दिली होती, आणि मी त्या युक्तीवर भुजंगासारखा बसून होतो.

एका दिवशी देशमाने सर दुकानात आले. एका तांत्रिक शाळेत ते वर्कशॉप शिकवत. किडकिडीत माणूस, खिशाला कायम तीन पेन्सिली. म्हणाले, "दर रविवारी सकाळी शाळेचं वर्कशॉप मोकळं असतं. गावातले कातारी, आणि ज्यांना नुसती हौस आहे असे लोक, सगळ्यांनी एकत्र बसावं असं मनात आहे. कातकाम मंडळ."

मी म्हणालो, "सर, आमच्या धंद्यात दोन कातारी एका छपराखाली बसत नाहीत."

"म्हणून तर," सर म्हणाले, आणि चहा न घेता निघून गेले.

मी जाणार नव्हतो. पण कळलं की कासिमचाचा जाणार आहेत. कासिमचाचा म्हणजे गावातला सगळ्यात जुना खराद्या, त्यांच्या बोलीत कातारीच. लाखेच्या रंगाचं काम, पोकळ डब्या, एकात एक बसणारी झाकणं, अशी कामं त्यांच्याशिवाय कुणाला येत नसत. त्यांच्या घरी कितीही वेळ बसलं तरी मुख्य काम ते माणूस गेल्यावर करतात, असा बाजारात बोलबाला होता. म्हटलं, शाळेच्या वर्कशॉपात सगळ्यांच्या देखत तरी लपवणार नाहीत. बघून घेऊ. आपलं मात्र काही दाखवायचं नाही.

तर असा मी गेलो.

पहिल्या रविवारी सात-आठ जण होतो. त्यात चाचा सोडून धंद्यातले चौघं. बाकी हौशी. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब होते. त्यांना आयुष्यात एकदा स्वतःच्या हातानं लाटणं करून बायकोला द्यायचं होतं. त्यांनी कातायला सुरुवात केली. एका बाजूला खड्डा पडला, म्हणून दुसरी बाजू खाली घेतली. मग ती जास्त झाली, म्हणून पहिली. अकरा वाजेपर्यंत लाटण्याची पेन्सिल झाली. गार्डसाहेबांनी ती नीट निरखली, देशमाने सरांच्या खिशात चौथी म्हणून खोचली आणि म्हणाले, "गाडी वेळेवर पोचली, स्टेशन मात्र चुकलं." त्या दिवशी मी किती वर्षांनी पोट धरून हसलो.

कासिमचाचांनी आपलं हत्यार घरून आणलं होतं. शाळेच्या मोठ्या लेथकडं त्यांनी पाहिलंही नाही. जमिनीवर बसले, दोन खुंट्यांच्या मध्ये लाकूड अडकवलं, उजव्या हातात कमान घेतली. कमानीची दोरी लाकडाला गुंडाळलेली, कमान पुढंमागं केली की लाकूड फिरतं. डाव्या हातात पटाशी, आणि पटाशीचं टोक पायाच्या अंगठ्यानं धरलेलं. पंचाहत्तरीच्या जवळ आलेला माणूस, पण तो अंगठा असा हलत होता की जणू त्याला स्वतःचं डोकं आहे. मी चोरायला म्हणून पुढं सरकून बसलो.

चाचांनी मान वर केली. "क्या देखताय दूरसे? हितं ये, पास बस. अंगठा बघ, हात नक्को बघू. सब काम अंगठे का हाय."

बाजारातला बोलबाला खोटा होता. ते लपवत नव्हते. त्यांना आजवर कुणी धड विचारलंच नव्हतं. चोरायला आलेल्या माणसाच्या हातात घरमालकानं स्वतःच किल्ल्या द्याव्यात, तशी माझी गत झाली.

मंडळानं मला काय दिलं हे कुणी विचारलं तर मी आधी कंबर सांगतो. वीस वर्षं माझी कंबर दुखत होती. कातारी म्हणजे कंबर दुखणारच, असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या-चौथ्या रविवारी सर माझ्या मागं उभं राहून बघत होते. त्यांनी माझ्या कोपराची उंची मोजली. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन लेथची मोजली. म्हणाले, "शंकरराव, तुमचा लेथ तुमच्या वडिलांच्या उंचीचा आहे." खरंच होतं ते. गावचं माप मी डोळे झाकून इथं उतरवलं होतं आणि वडील माझ्याहून चांगले वीतभर बुटके. आम्ही लेथखाली विटा घातल्या. महिन्याभरात कंबर गप्प झाली. वीस वर्षांत हे मला दिसलं नाही, कारण काम करताना मला कुणी मागून पाहिलंच नव्हतं. मी कुणाला पाहू दिलं नव्हतं.

पटाशीला धार कशी लावायची इथपासून, पटाशी थरथरली की लाकडावर लहरी का उठतात इथपर्यंत, किती गोष्टी मी तिथं शिकलो. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, दुसऱ्याच्या पायाशी बसून शिकत होतो आणि रविवारची वाट पाहत होतो. आणि तरीही माझी युक्ती मी पोटातच ठेवली होती. सर एकदा म्हणाले, "उन्हाळ्यात लाकूड फुटतं त्याला काय करावं?" मी म्हणालो, "नशीब." सगळे हसले. मीही हसलो.

मग नरसय्या आला.

नरसय्याला मी ओळखत होतो. म्हणजे त्याच्या बायकोला, राजव्वाला, जास्त. ती माझ्याकडून कांड्या न्यायची. तेलुगू विणकर घर, भवानी पेठेतच राहणारं. नरसय्या घरच्या हातमागावर साड्या विणायचा. चार पैसे जास्त मिळतील म्हणून तो वर्षभर एका यंत्रमागाच्या शेडमध्ये नोकरीला गेला. तिथं उजवा हात चाकाच्या दातांत सापडला. अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं. तीन बोटं राहिली, तीही धड मिटत नव्हती. शेडवाल्यानं दवाखाना केला आणि हात झटकले.

राहिला घरचा माग. पण हातमागावर धोटा इकडून तिकडं पळवायला एक दोरी असते, तिला लाकडी मूठ असते, आणि ती मूठ उजव्या हातानं झटका देऊन ओढायची असते. तीच त्याला धरता येईना. हात अदलून पाहिला. पंचवीस वर्षांची सवय, डाव्या हाताला तो झटका येईना. धोटा मध्येच थांबायचा, ताण्याचे उभे धागे तुटायचे. आणि टाकलेलं सूत घट्ट बसवायची फणी ठोकायला दुखऱ्या हातात जोर नव्हता. चार महिने माग बंद होता. राजव्वा दुसऱ्यांच्या कांड्या भरून घर चालवत होती.

त्याला आमच्याकडं आणलं ते गार्डसाहेबांनी. ते त्याच्या गल्लीतून रोज फिरायला जात. एका रविवारी त्याला हाताला धरून वर्कशॉपात घेऊन आले आणि म्हणाले, "आपल्याला लाटणी येवोत न येवोत, याला एक मूठ करून देता येते का बघा."

नरसय्या हात पाठीमागं घेऊन उभा होता. चाचांनी त्याला शेजारी बसवलं. "हात दे बेटा. शरमाताय कायकु? मेरा अंगूठा देख, पाँव का. हात का काम पाँव करताय मेरा."

नरसय्यानं हात पुढं केला.

त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून किती मुठी केल्या याची मोजदाद नाही. जाड केली तर बोटं पुरत नाहीत. बारीक केली तर निसटते. सरांनी कागदावर हाताचा ठसा घेतला. मी तिन्ही बोटांसाठी खाचा घेतल्या. तरी झटका दिला की मूठ हातातल्या हातात फिरायची, कारण अंगठा नाही. गोल वस्तू अंगठ्याशिवाय धरून ठेवता येत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"चपटी पाहिजे," सर म्हणाले. "लंबगोल. पण लेथवर गोलच निघतं."

"कोन बोल्या?" चाचा म्हणाले.

त्यांनी लाकडाच्या टोकावर मध्याची खूण केली, मग तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर एकेक खूण. आधी एका खुणेवर लाकूड अडकवून कातलं. लाकूड वेडंवाकडं उडत फिरत होतं, बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी असं. मग दुसऱ्या खुणेवर अडकवून कातलं. काढलं तर मूठ लंबगोल. आंब्याच्या कोयीसारखी, हातात बसली की हलेना. ही त्यांच्या घराण्याची करामत होती, हुक्क्याच्या नळ्यांसाठी त्यांच्या आजोबांनी काढलेली. चार धंदेवाले समोर बसले होते. चाचांनी ती सगळ्यांच्या देखत केली, आणि वर म्हणाले, "समजा क्या सबको? नई समजा तो फिरसे करता."

नरसय्या मूठ घेऊन गेला. दहा-बारा दिवसांत ती फुटली. एप्रिलचा मध्य होता. दुसरी केली. तीही फुटली. सर म्हणाले, लाकूड बदलू. चाचा म्हणाले, तेल पाजू. मी गप्प. काय चुकतंय ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

त्या आठवड्यात राजव्वा दुकानात आली. कांड्या घ्यायला नाही. तिनं पदराआडून ती दुसरी मूठ काढली आणि माझ्या लेथवर ठेवली. मूठ उभी चिरली होती. विणताना ती चीर उघडायची, मिटायची, आणि हातावरची नवी कोवळी कातडी तिच्यात चिमटायची. चिरेत रक्त वाळलं होतं.

"जखम परत उघडली, अण्णा," ती म्हणाली. "तरी थांबत नाय. कापड बांधून विणतोय."

मी मूठ उचलून उजेडात धरली.

तिनं समोरच्या टोपलीतली माझी एक कांडी उचलली, बोटांत फिरवली. "अण्णा, तुमचं कांडी कदी फुटत नाय. मग हे का फुटतंय?"

तिनं आरोप केला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारत होती. विणकराची बायको, तिला लाकडातलं काय ठाऊक. पण मी तिच्याकडं बघू शकलो नाही. "बघतो," एवढंच म्हणालो. ती गेल्यावर मोटार बंद केली. वडिलांचा शब्द डोक्यात होता, आणि ती चीर डोळ्यांसमोर.

रविवारी मी पोत्यात घालून माझी लहानशी कणगी घेऊन गेलो. कणगी म्हणजे धान्याची बांबूची टोपली. सगळ्यांसमोर ती उपडी केली. ज्वारीच्या भुशातून ओबडधोबड कातलेले लाकडाचे तुकडे घरंगळले, दोन्ही टोकांना शेणाचा वाळलेला लेप.

"ही माझी युक्ती," मी म्हणालो. "ओल्या लाकडाची वस्तू एकदम पुरी कातायची नाही. जाडजूड कातून ठेवायची. टोकांना शेण आणि राख थापायची, कारण लाकूड टोकांकडून घाईनं वाळतं आणि तिथून फुटतं. मग भुशात पुरायचं, दोन-तीन महिने. सावकाश वाळू द्यायचं. नंतर पुरं कातायचं. वडिलांनी सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस. पहिली मूठ फुटली तेव्हाच मी हे सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही."

सर फळ्याकडं वळले आणि एकेक पायरी खडूनं लिहू लागले. आमच्या घराण्याची मिळकत त्या काळ्या फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटत होती, आणि बाकीचे तिघं कातारी ती डोळ्यांनी पीत होते. खोटं कशाला बोलू, फळा पुसून टाकावासा वाटला.

चाचांनी एक तुकडा उचलला, नखानं ठोकून कानाशी धरला. "आवाज सुन," ते म्हणाले. "एकदम पक्का. तेरा बाप बडा आदमी था रे. मेरे घर में तीन पुश्तां होगये, ये बात नई आयी." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "देर से लाया, हौ. पन लाया ना."

वडिलांचं एवढं कौतुक त्यांच्या हयातीत कुणी केल्याचं मला आठवत नाही. वडील तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं.

पुढचंही सांगून टाकतो. सहा महिन्यांत बाकीच्यांच्या कांड्या माझ्यासारख्याच टिकायला लागल्या आणि माझी काही गिऱ्हाइकं त्यांच्याकडं गेली. तेव्हा जीव चरफडला. पण दशक संपायच्या आत प्लास्टिकच्या कांड्या आल्या. शेणाचा लेप नको, भुसा नको, कातारीच नको. ज्या युक्तीवर मी जन्मभर बसून राहणार होतो, तिची किंमत शून्य झाली. मी तगलो तो चाचांकडून शिकलेल्या लाखेच्या कामावर आणि लंबगोल कातण्यावर. हातोड्यांचे, कुऱ्हाडींचे दांडे, पाळणे, मुलांची खेळणी. मंडळात गेलो नसतो तर माझं दुकान कांड्यांबरोबरच बंद झालं असतं. दुःख एवढंच की हे वडिलांना समजावता आलं नाही. त्यांना पटलं असतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

तर त्या रविवारी माझा वाळलेला तुकडा चाचांनी दोन खुणांवर कातला, मी खाचा घेतल्या, सरांनी कागदावरच्या ठशाशी ताडून पाहिलं आणि गार्डसाहेबांनी करडईचं तेल चोळचोळून पाजलं. जखम भरेपर्यंत नरसय्यानं माग शिवायचा नाही, असं सरांनी राजव्वाला बजावलं. तीन आठवड्यांनी आम्ही सगळे मूठ घेऊन त्याच्या घरी गेलो.

खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, समोर माग. नरसय्या बसला. मूठ दोरीला बांधली. पहिला झटका दिला, धोटा अर्ध्यात थांबला. दुसरा, थोडा पुढं. तो थांबला, तिन्ही बोटं खाचांत पुन्हा नीट बसवली. मग धोटा इकडून तिकडं गेला, तिकडून इकडं आला, फणी पडली. खट्, धप्. खट्, धप्. लय लागली. तो आमच्याकडं बघत नव्हता, कापडाकडंही नाही. नुसता कान देऊन मागाचा आवाज ऐकत होता. बऱ्याच वेळानं, न थांबता, तो तेलुगूत राजव्वाला काहीतरी म्हणाला. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

"काय म्हणाला?" गार्डसाहेबांनी दारात उभ्या असलेल्या एका शेजारणीला विचारलं.

"म्हणतोय, कांड्या संपायला आल्या. नुसतं बघत काय बसली, भरायला घे."

मूठ टिकली. तो उन्हाळाही टिकली, पुढचाही. पण मला सांगायचा आहे तो त्यानंतरचा एक रविवार. पावसाळा लागला होता. मी जरा उशिरा पोचलो. वर्कशॉपच्या दारात, लिंबाच्या झाडाखाली, माणसं उभी होती. मला वाटलं, मंडळात नवे हौशी आले. जवळ गेलो तर एकानं हात खिशात घातला होता, एकानं धोतराच्या सोग्यात, एका बाईनं पदरात. सात जण होते. नरसय्या त्यांच्यात उभा राहून माझ्याकडं बोट दाखवत होता.

कुणाची दोन बोटं नव्हती, कुणाचा पंजा वाकडा जुळला होता. ती बाई सूतगिरणीतली होती, तिच्या मनगटाला ताकद नव्हती. तिला भाकरी थापता येत नव्हती. तिनं विचारलं, "दादा, पोळी तरी लाटता येईल, असं लाटणं व्हईल का?"

वीस वर्षं मी या गावात कांड्या विकल्या होत्या. हातांनीच तर त्या घेतल्या जात होत्या. पण हात मी कधी पाहिले नव्हते.

चाचा आतून बाहेर आले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, उंबऱ्यातच फतकल मारून बसले आणि कमान मांडीवर घेतली. गार्डसाहेबांनी सवयीनं सगळ्यांना ओळीत उभं केलं. सरांनी वहीतून कागद फाडला, खिशातली एक पेन्सिल माझ्याकडं दिली.

मी त्या बाईसमोर उकिडवा बसलो, जमिनीवर कागद पसरला आणि म्हणालो, "हात इथं ठेवा, ताई. दुखला तर सांगा."